ओल्या तरटाचा वास

कचरूअप्पा गुळव्या होते. काहिलीत उसाचा रस उकळून दाटू लागला की ती चुलवाणावरून नेमकी कधी उतरवायची, हे सांगणारा माणूस म्हणजे गुळव्या. जरा घाई झाली तर गूळ पातळ राहतो, जरा उशीर झाला तर करपतो. दुसरे गुळवे पाकाचा थेंब पाण्यात सोडून त्याची गोळी होते का ते बघत. अप्पा पाण्याची वाटी जवळसुद्धा ठेवत नसत. वाऱ्याच्या अंगाला उभं राहायचं, डोळे मिटायचे, मान जराशी वर करायची. वाफेला आधी हिरव्या उसाचा वास यायचा, मग भाजल्या शेंगेचा, मग ओल्या खोबऱ्याचा. खोबरं सरून तूप कढवल्याचा वास लागला की अप्पा एवढंच म्हणायचे, "उतरवा."

घनसावंगीपासून गोदावरीपर्यंतच्या गावांत त्यांना बोलावणं यायचं. अंकुशनगरचा साखर कारखाना झाला, ऊस तिकडे वळला, गुऱ्हाळं एकेक करून विझली. तरी पुतण्या मच्छिंद्र आपलं गुऱ्हाळ चालवत होता, अप्पांच्या नाकाच्या भरवशावर. घरी पुष्पाबाई जात्यावर बसल्या की गायच्या,

गुळाचं आधण बाई, उकळी येती दाट
माझ्या धन्याच्या नाकाला, ठावी गोडाची वाट

दोन हजार तीन सालच्या माघात अप्पांना ताप आला. एकवीस दिवस अंथरुणावर होते. उठले ते काठी टेकत थेट गुऱ्हाळावर गेले. वाऱ्याच्या अंगाला उभे राहिले, डोळे मिटले. हिरव्या उसाचा वास आला, की आला असं वाटलं. मग ते खोबऱ्याची वाट बघत राहिले. खोबरं काही आलंच नाही.

"अप्पा, करपलं!" मच्छिंद्र ओरडला तेव्हा काहील काळी पडली होती.

मच्छिंद्रनं तो गूळ गुरांपुढं टाकला आणि पाण्याची वाटी मागवली. त्या दिवसापासून अप्पांनी गुऱ्हाळाची वाट सोडली. मळ्यात जायचं तर ते ओढ्याकडून लांबचा फेरा घ्यायचे.

अक्षय्यतृतीयेला अप्पा जालन्याला गेले, मस्तगडच्या सुरजमलजींकडे. सुरजमलजी गुळाचे व्यापारी. त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले, स्वतः ते जालन्याच्या मराठीत वाढलेले. चाळीस वर्षं त्यांनी अप्पांचा गूळ विकला होता. पुढच्या हंगामाची वाट बघू नका, हे त्यांच्या तोंडावर सांगायला अप्पा गेले होते.

"सेठ, माझं नाक गेलं."

"कुठं गेलं? तोंडावर तर बराबर दिसून राह्यलं."

अप्पा हसले नाहीत. तेव्हा सुरजमलजींनी चष्मा काढून ठेवला आणि सगळं ऐकलं. ऐकणारी आणखी एक होती, सुरजमलजींची नात राजकुमारी. मुंबईला मोठ्या हॉटेलात नोकरीला होती, सुट्टीवर आली होती.

"अप्पा," ती म्हणाली, "मी शाळेतून आले की तुम्ही माझ्या दप्तराचा वास घेऊन डब्यात काय होतं ते सांगायचात. आठवतं?"

"आठवतं. पर ते नाक आता न्हाई राह्यलं, बाई."

"हॉटेलात आम्हाला वाईनचा वास घ्यायला शिकवलं. पहिले सहा महिने मला काही म्हणजे काही कळायचं नाही. नाकाला रोज काम दिलं की ते शिकतं. विसरलेलं असलं तरी परत शिकत असेल की. मी एका क्लबात आहे. वर्गणी भरली की दर तीन महिन्यांनी फ्रान्सची लाल वाईन येते. सोबत एक चिठ्ठी असते. काय काय वास आले ते लिहून पाठवायचं. तुमचं नाव घालू?"

"वर्गणी? गणपतीची असती तशी?"

"तशीच."

"मंग मूर्ती कुठं बसवत्यात?"

"इथं," राजकुमारीनं स्वतःच्या नाकावर बोट ठेवलं.

सुरजमलजींनी दोन्ही कानांवर हात ठेवले. त्यांच्या घरात कांदासुद्धा चोरपावलांनी यायचा. पण थोड्या वेळानं त्यांनी हात खाली घेतले आणि भिंतीकडं बघत म्हणाले, "पार्सल माझ्या पत्त्यावर मागव. गावात क्लबाचा माणूस जाणार न्हाई. मी उघडणार न्हाई, बघणार न्हाई. घनसावंगीच्या जीपवाल्याकडं देऊन देईन. याच्या नाकावर माझ्या दुकानाचं नाव चाललं चाळीस साल. एवढं तर करीन."

पिण्यासाठी सरकारचा परवाना लागतो. तोही राजकुमारीनं काढून दिला. त्यावर कारण छापलं होतं, आरोग्य राखण्यासाठी. पुष्पाबाईंनी ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली. त्या प्रौढ शिक्षणाच्या वर्गात लिहायला-वाचायला शिकल्या होत्या, आणि वाचलेलं कधी विसरायच्या नाहीत.

"दारू कुठं हाय ही? औषध हाय," त्यांनी निकाल दिला.

म्हणून पहिली बाटली आली तेव्हा तिची जागा देवळीत ठरली, खोकल्याच्या काढ्याशेजारी. जेवण झालं की दोन चमचे वाईन, वर कोमट पाणी. अप्पा डोळे मिटून, नाक धरून घेत. कडू घोट नाक धरूनच घ्यायचा असतो.

"नाक धरलं तर वास कसा येईल वो?" पुष्पाबाई म्हणाल्या.

तेव्हा अप्पांनी नाक सोडलं.

पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी पेला ओठाजवळ नेता नेता अप्पांचा हात थांबला.

"जांभूळ."

"काय?"

"जांभळाच्या झाडाखाली पडून फुटलेलं जांभूळ. माशा बसायच्या आधीचं." त्यांनी पेला पुन्हा नाकाशी नेला. मग म्हणाले, "का मला उगंच वाटून राह्यलं?"

दर दिवशी दोन चमचे, आणि दर दिवशी वास बदलत गेला. पाचव्या दिवशी जांभूळ गेलं, चिंच आली. दहाव्या दिवशी कच्चं कवठ. विसाव्या दिवशी कैरीच्या लोणच्याच्या तळाचं पाणी. पुष्पाबाईंनी हे सगळं तारखेवार चिठ्ठीवर उतरवलं. चिठ्ठीतल्या रेघा पुरल्या नाहीत म्हणून मागची बाजू वापरली, आणि शेवटी आपल्या मनानं एक ओळ घातली, "औषधानं पोट बरं आहे."

राजकुमारीचा फोन मच्छिंद्रच्या घरी आला. हसून हसून तिला बोलवत नव्हतं.

"अप्पा, काढा नाही तो! बाटली उघडली की दोन-तीन दिवसांत संपवायची. नाही तर आंबते. तुम्ही वीस दिवस तिचं आंबणं प्यायलात."

"तीन दिसांत आख्खी? दारुड्यावानी?"

"दारुड्यावानी नाही. पाहुण्यावानी. एक ग्लास घ्यायचा, बसायचं, घाई करायची नाही." मग तिचा आवाज बदलला. "पण अप्पा, आंबण्याची एकेक पायरी तुम्ही सांगितलीत. क्लबातल्या लोकांनी चिठ्ठी हातोहात फिरवली."

अप्पांनी फोन ठेवला आणि बाहेर आले. उन्हात उभं राहून त्यांनी श्वास घेतला. आला तो वास कशाचा, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. अजून धीर होत नव्हता.

दुसरी बाटली श्रावणात आली. या वेळी ती काढ्याशेजारी बसली नाही. पुष्पाबाईंनी ओटा सारवला, पोतं अंथरलं, चहाचा काचेचा ग्लास राखेनं घासून लख्ख केला. दुपार कलताना अप्पा बसले. ग्लासात चार बोटं लाल रस ओतला. उन्हापुढं धरला तर आत डाळिंबाच्या दाण्यासारखा उजेड.

त्यांनी नाक ग्लासात घातलं आणि बराच वेळ वर काढलंच नाही.

"झोपलात काय?"

"आगं, मोट येऊन राह्यली."

"मोट?"

"विहिरीवरच्या मोटेचं कातडं. तेल पाजून उन्हात ठेवलेलं. माझा बाप ठेवायचा तसं. त्याच्यामागं वाळल्या तंबाखूचं पान. आन् त्याच्यामागं..." ते थांबले, पहिला घोट घेतला, जिभेवर फिरवला. त्यांचा चेहरा सैल झाला, पाणी सोडल्यावर वाफा सैलावतो तसा. "त्याच्यामागं काळे मनुके. देठासकट."

त्या तीन दिवसांत अप्पा सुखानं प्यायले. रोज एक ग्लास, उन्हं कलताना, ओट्यावर. घोट गिळल्यावर घशात जी ऊब रेंगाळते तिच्याकडं कान देऊन बसल्यासारखे ते बसत. जाणारे-येणारे म्हणत, "अप्पा, मजा करून राह्यले!" अप्पा म्हणत, "हाव, करून राह्यलो." कोण कुठला तो फ्रान्सचा शेतकरी, त्यानं कधी छाटणी केली असेल, वेलीला पाणी कुठल्या विहिरीचं दिलं असेल, त्याला काय माहीत की त्याच्या मळ्याचा रस गोदाकाठी कुणी हुंगून राहिलंय. अप्पा रोज ग्लास उचलायच्या आधी कपाळाला लावायचे. आणि पुष्पाबाई भाकरी थापता थापता गुणगुणायच्या,

पाव्हणी आली बाई, दर्याच्या पल्याडून
जांभळीच्या सावलीला, आली पदर वढून

कार्तिक लागला. गुऱ्हाळ पेटायचे दिवस आले. मच्छिंद्र ओट्यावर येऊन बसला.

"अप्पा, सोमवारी पहिली काहील चढवतो. याल का?"

अप्पांनी ओट्यावरचं पोतं सारखं केलं. मग म्हणाले, "तिसरी बाटली यायचीय दोन दिसांत. तिचं बराबर उकललं तर येतो. न्हाई उकललं तर तू दुसरा गुळव्या बघ. एक खेप करपवली, दुसरी करपवायची न्हाई मला."

"अप्पा, बाटलीवर कशाला..."

"बाटलीवर न्हाई रं. नाकावर."

तिसरी बाटली आली. सुरजमलजींनी नेहमीसारखी पोत्यात गुंडाळून, सुतळीनं करकचून बांधून जीपमधून पाठवली होती. राजकुमारीनं सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, ही तिन्हींतली सगळ्यात नावाजलेली, जपून प्या. अप्पांनी बूच काढलं, चार बोटं ओतली, ग्लास कपाळाला लावला आणि नाकाशी नेला.

पुष्पाबाई चिठ्ठी-पेन घेऊन बसल्या होत्या. बघता बघता नवऱ्याचा चेहरा उतरत गेला.

"काय येतं?"

"तरट."

"आँ?"

"ओलं तरट. धान्याच्या बळदाच्या कोपऱ्यात पडून राह्यलेलं, आतून बुरशी धरलेलं. फळ न्हाई, फूल न्हाई. नुसतं कुजकं तरट." त्यांनी दुसऱ्यांदा हुंगलं, तिसऱ्यांदा हुंगलं. "तरटच."

"आवो, पोत्यातच बांधून आल्ती ना. लागला असंल वास."

"काचेतून लागतो का? बूच मी आत्ता काढलं." अप्पांनी ग्लास खाली ठेवला. "सगळ्यात चांगली म्हंती ती पोरगी. सगळ्यात चांगलीत मला कुजकं तरट येऊन राह्यलं. मंग कुजलं काय, हे तूच समज."

"एवढ्यावर..."

"एवढंच व्हतं. ती मोट, ते मनुके, सगळं माझ्या आठवणीतलं असंल. मीच वास घातले त्याच्यात." ते उठले. "लिही, बाटली उत्तम आहे, आभारी आहोत. त्या पोरीनं इतकं केलं, तिला नाव ठेवायचं न्हाई. आन् मच्छिंद्राला सांग, दुसरा माणूस बघ म्हणावं."

ते ओढ्याकडून, लांबच्या वाटेनं मळ्यात गेले.

पुष्पाबाई चिठ्ठीपुढं बसून राहिल्या. त्यांनी ग्लासाचा वास घेतला. त्यांना वाईनचा वास आला, एवढंच. तरट आहे का नाही, त्यांना कळेना. पंचेचाळीस वर्षं या माणसाबरोबर काढली होती. हा माणूस दारातून म्हणायचा, आज भाजीत मीठ जास्त पडलंय, आणि पडलेलं असायचं. घरात साप शिरला तेव्हा यानंच आधी वासानं सांगितलं होतं. त्याला जे आलं नाही ते आलं असं तो कधी म्हणाला नव्हता. गुऱ्हाळावरसुद्धा खोबरं आलं नाही, तर उतरवा म्हणाला नव्हता.

त्यांनी पेन उचललं. उत्तम हा शब्द त्यांना लिहिता येत होता. त्यांनी लिहिलं, "ओल्या कुजक्या तरटाचा वास. दुसरं काही नाही. तीनदा बघितलं." खाली नवऱ्याचं नाव घातलं आणि चिठ्ठी घनसावंगीला जाणाऱ्याच्या हाती पोस्टात टाकायला दिली. मच्छिंद्रला एवढंच म्हणाल्या, "आठ दिस थांब. काहील चढवू नको."

"का, काकू?"

"काकू म्हंती म्हणून."

अप्पांना यातलं काही माहीत नव्हतं. ते ओट्यावर बसायचे, पण समोर ग्लास नसायचा. गावात कुणाकडं खीर शिजली तर पहिल्यासारखं म्हणायचे नाहीत की अमक्याकडं खीर आहे. जेवताना पानात काय आहे ते खाली बघून जेवायचे. सहाव्या दिवशी तर चहात करपलेलं दूध पडलं तरी बोलले नाहीत.

आठव्या दिवशी दुपारी मच्छिंद्रची बायको धावत आली. मुंबईहून फोन आहे, क्लबवाल्यांचा. अप्पा नाही म्हणाले, मी यायचा न्हाई, काय बोलणार मी. पुष्पाबाई पदर खोचून निघाल्या.

"नमस्कार," पलीकडून एक बाई मराठीत बोलल्या. "चिठ्ठीबद्दल बोलायचं होतं. सभासदांचं नाव सांगता का, म्हणजे खात्री होईल."

पुष्पाबाईंनी पदर सावरला.

"हॅलो? सभासदांचं नाव?"

नाव लिहिताना पेनाला काही वाटलं नव्हतं. तोंडानं ते त्यांनी लग्नापासून साधं असं एकदाही घेतलं नव्हतं. मच्छिंद्रची बायको शेजारी उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती. पलीकडच्या बाई तिसऱ्यांदा हॅलो म्हणाल्या. पुष्पाबाईंनी फोन दोन्ही हातांत घट्ट धरला, डोळे मिटले आणि एका दमात म्हणून टाकलं,

"दूरदेशीच्या मळ्यातून आली लाल धार,
कचरूरावांच्या नाकावर चाले माझा संसार!"

पलीकडच्या बाई इतक्या मोकळ्या हसल्या की मच्छिंद्रच्या बायकोलाही ऐकू आलं.

"ताई, तुमचा संसार पक्का आहे. ऐका. ती बाटली खराबच होती. बुचाला बुरशी धरली की असं होतं, वाईन प्यायला अपाय नसतो पण वास मरून जातो. ओल्या पोत्याचा वास येतो. तुमची चिठ्ठी आल्यावर आम्ही त्याच खोक्यातली एक उघडली. तीही तशीच निघाली. बाकीच्या सगळ्या सभासदांनी छान म्हणून लिहिलं होतं. एकट्या कचरूरावांनी सांगितलं. त्यांना म्हणावं, आम्ही फार आभारी आहोत. दुसरी बाटली आजच पाठवतो."

पुष्पाबाईंनी फोन कधी ठेवला, घरी कशा आल्या, त्यांना आठवलं नाही. चप्पल मच्छिंद्रच्याच दारात राहिली. अप्पा ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा निवडत होते.

"आवो, तरट व्हतं!"

"काय?"

"बाटलीत तरट व्हतं! बूच कुजलं व्हतं. मुंबईवाल्यांनी दुसरी फोडून बघितली. तीबी तशीच. सगळ्यांनी छान लिहिलं, तुमीच बराबर सांगितलं!"

अप्पांच्या मुठीतल्या शेंगा खाली पडल्या.

"मी तर लिही म्हणालो व्हतो, उत्तम आहे."

"व्हय."

"मंग तू काय लिहिलं?"

"तुमाला जे आलं ते. मला खोटं लिहायचं शिकवलं न्हाई त्या वर्गात."

अप्पा बायकोकडं बघत राहिले. कधी न बघितल्यासारखे. एवढ्या वर्षांत नवरा-बायकोत आभार मानायचा शब्दच कधी पडला नव्हता. शेवटी ते म्हणाले, "तुला तरी आल्ता का वास?"

"न्हाई. मला नुसती वाईन आल्ती."

"मंग कशावर लिहिलं?"

"तुमच्यावर," पुष्पाबाई म्हणाल्या, आणि सांडलेल्या शेंगा गोळा करायला खाली वाकल्या. अप्पाही वाकले. दोघांची डोकी आपटली. तेव्हा कुठं दोघं हसले.

दुसऱ्या दिवशी मच्छिंद्रनं काहील चढवली. अप्पा सरळ वाटेनं आले. वाऱ्याच्या अंगाला उभे राहिले. आधी हिरवा ऊस आला, मग शेंग, मग बऱ्याच वेळानं, लाजत लाजत, खोबरं. मच्छिंद्रनं पाण्याची वाटी मागं लपवून धरली होती. अप्पांना ते कळत होतं. तूप कढवल्याचा वास लागला तसे म्हणाले, "उतरवा," आणि गूळ सोन्यासारखा निघाला. पहिली ढेप मस्तगडला सुरजमलजींकडं गेली. दुसरी राजकुमारीच्या नावानं मुंबईला.

बदलीची बाटली आली ती एका स्वच्छ दुपारी. अप्पांनी ओट्यावर दोन ग्लास मांडले. पुष्पाबाई चिठ्ठी-पेन घेऊन आल्या आणि थबकल्या.

"दुसरा कुणाला?"

"बस."

"मला? लोक काय म्हंतील!"

"म्हंतील, मजा करून राह्यले. आपण म्हणू, हाव. बस."

त्या कडेला टेकल्या. अप्पांनी आधी त्यांच्या ग्लासात दोन बोटं ओतली, मग आपल्या. आपला ग्लास त्यांनी नाकाला लावलाच नाही. ते बायकोकडं बघत राहिले. पुष्पाबाईंनी पदराआडून एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, डोळे घट्ट मिटले.

"काय येतं?"

"तुरट. कडू." मग त्यांनी डोळे उघडले. भुवया जरा वर गेल्या. "थांबा. मागून काहीतरी येऊन राह्यलं."

"काय येऊन राह्यलं? सांग की."

"घाई करू नका. येऊ द्या त्याला."

अप्पांनी पेन त्यांच्या मांडीवरून उचलून बाजूला ठेवलं. समोरच्या वाटेनं गुरं परतत होती. दोघं बसून राहिले, जे काही यायचं होतं त्याची वाट बघत.